मेळघाट: पावसाळ्याआधी पटकीची (कॉलऱ्याची) तयारी, ढाण्यात (पाड्यात) भाषा तीन

रानवाट: चिखलदरा तालुक्यातलं आरोग्य उपकेंद्र. कोरकू, गवळी, बलाई अशी मिश्र वस्ती. मराठी पोस्टर भिंतीवर आहेत, कोणी बघत नाही. जूनच्या आत काय करून ठेवायचं? विहिरीत टाकायच्या टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) डोस नेमका किती?

जलदूत: आधी विहीर मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (मीटरमध्ये) गुणिले 785 म्हणजे लिटर. व्यास 3, पाणी 2 मीटर असेल तर 14,130 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे साधारण 70 ग्रॅम. मुठीचं माप नको. पावसात पाणी चढतं, डोस मात्र मेमधलाच राहतो, घोळ तिथेच होतो. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळ तेवढीच विहिरीत सोडा. तासाभराने ओटी टेस्ट (थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन बघायची), साथीत 0.5 पीपीएम, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम, क्लोरीन हवंच. रंग दहा सेकंदांत बघा, उशिरा चढलेला पिवळा फसवतो. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडतं, मग ओटीला रंगच येत नाही.

आणि एक. जुलै 2022 मध्ये पाचडोंगरी-कोयलारीला नळयोजनेची वीज तोडलेली होती, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले आणि पटकी पसरली. म्हणून नळ बंद पडला तर कुठला ढाणा कुठल्या पाण्यावर जाईल, ते आत्ताच लिहून ठेवा.

सातपुडा_आशा: पोस्टरचं कोरकूत भाषांतर करूनही फारसं साधणार नाही. कोरकू मुंडा कुळातली, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही, आणि ती बोलायची भाषा. बाईनेच बाईला चुलीपाशी करून दाखवावं. ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्याचं. ते पेलाभर पाण्यात घातलं की द्रावण पाचपट खारट, पोराला उलट अपाय. 'लिटर' म्हणू नका, लिटरची रिकामी बाटली हातात द्या. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब दिसले की वाट न बघता कळवायचं, एवढंच पाठ करून घ्या.

भूमकाला (गावच्या मांत्रिक-वैदूला) मे महिन्यातच भेटा. बरेच जण रोगी आधी त्याच्याकडे नेतात. त्याचा विधी चालू दे, शेजारी ओआरएसही चालू राहू दे. पाकिटं त्याच्याकडे ठेवा.

रानवाट: भूमकाकडे पाकिटं ठेवली तर वरून विचारणा होणार नाही?

जलदूत: ओआरएसला चिठ्ठी लागत नाही. डेपो म्हणून नोंद करा, वाटपाचा हिशोब आशाकडे. प्रतिजैविकं मात्र तिथे नकोत. आणि शौचाचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी घ्या, नंतर जंतू सापडेलच असं नाही.