इंग्लंडमधल्या गोल्फ कोर्सवरची जुनी चर्चं: तिथवरची वाट, आवाराची भिंत आणि नियम

पायवाट
इंग्लंडमधल्या काही जुन्या गोल्फ कोर्सवर ऐन खेळाच्या मैदानात मध्ययुगीन चर्च उभं दिसतं. त्याबद्दल तीन शंका आहेत. कोर्सच्या मधोमध चर्च आलं कसं? न खेळणाऱ्या माणसाला तिथपर्यंत चालत जाता येतं का, की गोल्फ क्लबची परवानगी काढावी लागते? आणि खेळताना चेंडू चर्चच्या आवारात गेला तर पुढे काय? कॉर्नवॉलमधलं सेंट एनोडॉक चर्च माझ्या बघायच्या यादीत आहेच. त्याखेरीज वाट वाकडी करून बघावं असं कुठलं ठिकाण आहे?

वास्तुवेध
चर्च आधीचं, गोल्फ फार नंतरचं. गाव सोडून चर्च एकटं का पडलं, याची मुख्य कारणं दोन.

एक म्हणजे वाळू. सेंट एनोडॉक हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. मूळ बांधकाम बाराव्या शतकातलं, वरचा बुटका, किंचित वाकडा दगडी शंकू तेराव्या शतकातला. कॅमल नदीच्या मुखाजवळच्या टेकड्यांची वाळू वाऱ्याने सरकत आली आणि सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत चर्च जवळजवळ गाडलेलंच राहिलं. वर्षातून एकदा तरी उपासना व्हायला हवी, नाहीतर चर्चचे हक्क जातील, म्हणून पाद्री छताच्या भगदाडातून आत उतरायचे, असं तिथे परंपरेने सांगतात. १८६४ मध्ये वाळू उपसून चर्च मोकळं केलं आणि भोवतालच्या टेकड्या गवत लावून बांधून ठेवल्या. तिथला गोल्फ क्लब सुरू झाला १८९० मध्ये, आणि जेम्स ब्रेडने कोर्सची आखणी केली १९०७ मध्ये. म्हणजे क्लब आला तेव्हा चर्चला पुन्हा उजेड दिसून जेमतेम सव्वीस वर्षं झाली होती. समुद्रकाठची असली वाळवट जमीन नांगरायला निरुपयोगी, पण पाणी झटकन जिरतं आणि गवत आखूड राहतं. शेतीला नकोशी हीच जमीन गोल्फवाल्यांना हवी होती.

चर्च आजही खळग्यात बसल्यासारखं दिसतं. कुंपणाच्या झाडांपलीकडून फक्त शंकू डोकावतो. कवी जॉन बेट्जमन (मृत्यू १९८४) यांची कबर याच आवारात आहे, फाटकातून आत शिरल्यावर लगेच. पाटीच्या दगडावरची नक्षीदार अक्षरं सायमन व्हेरिटी या शिल्पकाराने कोरलेली. ती घाईत बघू नका, अक्षरांच्या वळणावळणात वेली आहेत.

दुसरं कारण जमीनदारांची उद्यानं. सतराव्या-अठराव्या शतकात हवेलीभोवती मोठं उद्यान करायचं म्हणून कित्येक ठिकाणी गाव उठवलं किंवा ते हळूहळू दूर सरकलं. चर्च मात्र जागच्या जागी राहिलं, कारण जमीन धर्मविधीने पवित्र केलेली आणि आत घराण्याच्याच कबरी. पुढे इस्टेटी विकल्या गेल्या आणि उद्यानांचे गोल्फ कोर्स झाले. लेस्टरशरमधलं स्टेपलफर्ड पार्क बघा: कोर्स अलीकडचा, पण तिथलं सेंट मेरी मॅग्डलीन चर्च जॉर्ज रिचर्डसनने १७८३ मध्ये गॉथिक धाटणीत बांधलेलं. तिथे आता नेहमीची उपासना होत नाही, देखभाल चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टकडे आहे.

नकाशेवाला
दुसऱ्या शंकेबद्दल. चर्च आणि त्याचं आवार क्लबच्या मालकीचं नसतं. चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चच्या आवारात काही बदल करायचा तर बिशपच्या प्रांताच्या न्यायालयाकडून 'फॅकल्टी' नावाची परवानगी काढावी लागते. क्लबला परस्पर भिंत उंच करता येत नाही की जाळी ठोकता येत नाही.

चर्चकडे जाणारी वाट सार्वजनिक असेल तर कोणाला विचारायची गरज नाही. ती सार्वजनिक आहे की नाही हे घरबसल्या कळतं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा एक्स्प्लोरर नकाशा उघडा. आखूड हिरव्या तुटक रेषा म्हणजे फक्त पायी जायची वाट, लांब हिरव्या तुटक रेषा म्हणजे घोडा-सायकलही चालणारी वाट. काळ्या तुटक रेषेवर विसंबू नका. ती जमिनीवर वाट दिसते एवढंच सांगते, हक्काबद्दल काही सांगत नाही. वाद झालाच तर काउंटी कौन्सिलचा 'डेफिनिटिव्ह मॅप', म्हणजे सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा, प्रमाण. प्रत्यक्ष जागेवर पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा.

सेंट एनोडॉकला डेमर बेच्या बाजूने किंवा रॉक गावाकडून चालत जाता येतं. कोर्सवरची वाट पांढऱ्या दगडांनी दाखवलेली आहे. पॅडस्टोहून रॉकला होडी आहे, मात्र ओहोटीला चढण्या-उतरण्याची जागा बदलते, तेव्हा फलक वाचूनच रांगेत उभे राहा.

चुका होतात त्या वाट ओलांडताना. लोक फेअरवेच्या, म्हणजे खेळाच्या कापलेल्या गवतपट्ट्याच्या, मधे थांबून फोटो काढतात. आधी टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, दिशेला बघा. कोणी फटक्याच्या पवित्र्यात उभं असेल तर फटका होईपर्यंत कडेला थांबा, मग न रेंगाळता पार व्हा. 'फोर!' (चेंडू येतोय, सावध!) अशी आरोळी आली तर वर बघू नका, डोकं हातांनी झाकून पाठ वळवा. आणि जवळची वाट म्हणून टेकडीवरून उतरू नका. तिथलं मॅरम गवत वाळू वर चढली की नवीन मुळं फोडून तिला धरून ठेवतं, पण पायांखाली सतत तुडवलं की मरतं. मग त्याच जागी वारा खड्डा पाडतो आणि वाळू पुन्हा चालू लागते. ज्या वाळूने चर्च गाडलं तिला आज हेच गवत अडवून आहे.

टी_टू_ग्रीन
तिसऱ्या शंकेचं उत्तर सोपं आहे. आवाराची भिंत माणसाने बांधलेली, म्हणजे अडथळा. चेंडू तिला लागून थांबला तर फुकट ड्रॉप, म्हणजे दंड न घेता चेंडू उचलून बाजूला टाकायचा.

स्कोअरकार्ड
@टी_टू_ग्रीन, नाही, इथे तसं चालणार नाही. भिंत कोर्सची हद्द ठरवत असेल तर ती 'बाउंडरी ऑब्जेक्ट' होते आणि तिच्यापासून फुकट सुटका नाही. कोर्सच्या आत असलेल्या, हद्द न ठरवणाऱ्या भिंतीला तुम्ही म्हणता तो नियम लागतो. म्हणून पहिल्या टीवर जाण्याआधी स्कोअरकार्डच्या मागचे स्थानिक नियम वाचायचे. चर्चचं आवार 'आउट ऑफ बाउंड्स' (हद्दीबाहेर) आहे का आणि हद्दीची कड नेमकी कुठे धरली आहे, हे तिथे लिहिलेलं असतं.

आता टप्प्याने. चेंडूचा थोडासा भाग जरी कडेच्या आत असला तरी तो खेळात आहे. पूर्ण बाहेर गेला तरच बाद. बाद झाला तर एका फटक्याचा दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फटका. टीवरून मारलेला असेल तर पुढचा फटका तिसरा. शंका असेल तिथे पुढे चालू लागण्याआधी 'प्रोव्हिजनल' (तात्पुरता) असं स्पष्ट बोलून दुसरा चेंडू मारा. नुसतं "आणखी एक मारतो" म्हटलं तर तोच चेंडू खेळात येतो आणि पहिला भिंतीच्या अलीकडे सापडला तरी उपयोग नाही. शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं.

चेंडू आत, पण भिंतीला चिकटलेला: भिंतीपलीकडे उभं राहून मारायला नियमांची हरकत नाही, पण पलीकडे कबरी असतील तर तसं करू नका. 'अनप्लेएबल' (खेळता न येण्याजोगा) जाहीर करा, एका फटक्याचा दंड घ्या, दोन क्लबलेंग्थमध्ये (गोल्फच्या काठीच्या दोन लांबींत), होलच्या जवळ न जाता ड्रॉप करा.

सेंट एनोडॉकच्या चर्च कोर्सवर याचा खरा कस दहाव्या होलला लागतो. लांब पार ४ (चार फटक्यांत पुरा करणं अपेक्षित), डावीकडे ओढा आणि दलदल, उजवीकडे टेकडी, ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) चर्चच्या बाजूला. दुसरा फटका ग्रीनपर्यंत पोचवण्याच्या हट्टातच कार्ड बिघडतं. मधल्या अंतराच्या काठीने चेंडू अलीकडे ठेवून तिसऱ्याने ग्रीन घेणं शहाणपणाचं.

पायवाट
छान खुलासा. चेंडू आवारात समोर दिसत असेल तर आत जाऊन उचलावा का? आणि चालणाऱ्याला चेंडू लागला तर जबाबदारी कोणाची?

नकाशेवाला
फाटकातून जाऊन उचलायला सहसा कोणी आडकाठी करत नाही. भिंतीवरून उडी मात्र नको, जुन्या भिंतींचे वरचे दगड सैल असतात. दफनविधी किंवा लग्न चालू असेल तर चेंडू सोडून द्या.

जबाबदारीबाबत १९२२ चा कॅसल विरुद्ध सेंट ऑगस्टीन्स लिंक्स हा खटला अजूनही दाखला म्हणून दिला जातो. केंटमध्ये तेराव्या टीवरून स्लाइस झालेला, म्हणजे वाकडा वळलेला, चेंडू रस्त्यावरच्या टॅक्सीच्या काचेवर बसला आणि चालकाचा डोळा गेला. तिथून चेंडू वारंवार रस्त्यावर जात होते, म्हणून टी आणि होलची जागाच सार्वजनिक उपद्रव ठरली. खेळाडूबरोबर क्लबही जबाबदार धरला गेला. सार्वजनिक वाट क्लबला परस्पर बंद करता येत नाही. वळवायची तर हायवेज अॅक्ट १९८० च्या कलम ११९ खाली रीतसर आदेश लागतो. टी हलवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

वास्तुवेध
बघण्यासारख्या जागा राहिल्या होत्या. सॉमरसेटला बर्नहॅम अँड बेरो हा गोल्फ क्लब: तेराव्या शतकातलं बेरोचं सेंट मेरी चर्च कोर्सला लागून वाळूच्या टेकड्यांत आहे. कॉर्नवॉलमध्येच ट्रेवोझच्या कोर्सवर सेंट कॉन्स्टंटाइनच्या चर्चचे अवशेष आणि पवित्र विहीर आहे. तिथे छप्पर वगैरे काही उरलेलं नाही, तेव्हा उभं चर्च बघायच्या अपेक्षेने जाऊ नका. बकिंगहॅमशरमधलं स्टोक पार्क, हॅरी कोल्टने १९०८ मध्ये आखलेलं आणि २०२१ मध्ये रिलायन्सने विकत घेतलेलं, त्याच्या कडेलाच स्टोक पोजेसचं सेंट जाइल्स चर्च आहे. कवी टॉमस ग्रे तिथे आईशेजारी पुरलेले आहेत आणि जेम्स वायटने केलेलं त्यांचं १७९९ चं स्मारक चर्चलगतच्या शेतात, नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. चर्च आणि स्मारक दोन्ही कोर्सवर पाय न ठेवता बघता येतात.