पैसे नक्की कशाचे?

'गेम कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर) ऑनलाइन खेळायला वर्गणी घेतात ती सर्व्हर, म्हणजे कंपनीचे मध्यवर्ती संगणक, चालवायचा खर्च निघावा म्हणून' असं काही जण म्हणतात. अर्धंच खरं आहे.

२००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलची ऑनलाइन सेवा, आली तेव्हा वर्षभराची वर्गणी आणि हेडसेट मिळून किट सुमारे ५० डॉलरला होतं, आणि ब्रॉडबँड नसेल तर प्रवेशच नाही. त्याच वर्षी सोनीने आपल्या प्लेस्टेशन २ कन्सोलसाठी नेटला जोडायचा नेटवर्क अ‍ॅडॉप्टर काढला. तो डायल-अपवरही (फोनच्या लाइनवरच्या संथ नेटवरही) चाले, वर्गणी नाही, पण सर्व्हरचं ज्या त्या गेम कंपनीने बघायचं. म्हणजे गेमगणिक वेगळं लॉगिन, मित्रांची यादी वेगळी. फुकट होतं खरं, पण वैताग!

आता गंमत बघा. एक्सबॉक्सवरच्या हेलो २ या गेमचे सामने मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालतच नसत. खेळणाऱ्यांपैकी कुणा एकाचा कन्सोल यजमान व्हायचा. त्याचं नेट गचकलं की सगळ्यांचा खेळ अडखळायचा. लाइव्ह फक्त जोड्या जुळवून द्यायचं. एप्रिल २०१० मध्ये पहिल्या एक्सबॉक्ससाठीची लाइव्ह सेवा बंद झाली, तरी काही जण कन्सोल बंदच न करता पुढे कित्येक दिवस खेळत राहिले, ते यामुळेच. म्हणजे पैसे होते ते सगळ्या गेमना मिळून एका लॉगिनचे, एका मित्रयादीचे. माझ्या मते तेवढ्यासाठी ते वाजवीही होते.

पुढे सोनीनेही प्लेस्टेशन ४ पासून (२०१३) ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लस ही आपली वर्गणी सक्तीची केलीच, मुळातच फुकट असलेले गेम तेवढे वगळून. एक्सबॉक्सला ती सूट द्यायला २०२१ उजाडलं.