संथ प्रकाशाचं रेंडर म्हणजे ‘नुसतं कार्टून’? उत्तर देतोच

रेंडरवाला, धरमपेठ
काल ‘भौतिकवाले सर’ यांनी माझ्या व्हिडिओखाली (कम्प्युटरमधल्या टाकीतून प्रकाश संथपणे जाताना दाखवणाऱ्या) लिहिलं, “प्रकाश सरपटताना दाखवणारे हे कम्प्युटरचे व्हिडिओ म्हणजे नुसतं कार्टून. पोरांची डोकी बिघडवू नका.” रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सर, कार्टूनमध्ये प्रकाश कुठं असावा हे काढणारा ठरवतो. इथं मी ठरवत नाही. आम्ही बिल्डरसाठी रोज फ्लॅटचे रेंडर, म्हणजे उजेडाचा हिशेब करून कम्प्युटरने बनवलेली चित्रं, काढतो. त्यामागचं, जेम्स काजिया यांचं १९८६ चं समीकरण प्रकाश क्षणात सगळीकडे पोचला असं धरून चालतं आणि फ्लॅट विकायला तेवढं पुरतं. पण भिंत, फरशी, काच असा आपटत आलेला किरण एकूण किती चालला, हे प्रोग्रामला कळलेलं असतंच. आपण ते फेकून देतो. ट्रान्झियंट रेंडरमध्ये, म्हणजे उजेड कधी पोचला हेही धरणाऱ्या रेंडरमध्ये, फेकत नाही. अंतराला त्या माध्यमाच्या अपवर्तनांकाने गुणायचं, प्रकाशाच्या वेगाने भागायचं आणि उजेड त्या-त्या वेळेच्या कप्प्यात टाकायचा. एक कप्पा म्हणजे एक फ्रेम. माझा कप्पा १० पिकोसेकंदांचा (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), तेवढ्यात प्रकाश हवेत ३ मिलिमीटर जातो. आधी एका चित्रात जमणारे किरण आता शेकडो कप्प्यांत वाटले जातात, म्हणून फ्रेम दाणेदार येतात आणि मशीन रात्र-रात्र चालतं, तेही मे महिन्यात.

टाकी ४० सेंटिमीटरची, अर्धी पाण्याने भरलेली. पहिल्या खेपेला पाण्याच्या अपवर्तनांकाने, १.३३ ने, गुणायचं राहिलं, तर वरचा आणि खालचा उजेड बरोबरीने पळाला. बघताक्षणी चूक कळली. दुरुस्त केल्यावर हवेतला उजेड टोकाला टेकला तेव्हा पाण्यातला ३० सेंटिमीटरवर होता. हे मी हाताने काढलेलं नाही.

भौतिकवाले सर
तोंडी परीक्षेत एक मुलगा मला म्हणाला, “सर, लेझरचा किरण जाताना बाजूने दिसतो.” कुठं बघितलंस? “व्हिडिओत.” तुमच्या टाकीत वर धूर आहे आणि पाण्यात दूध, म्हणून तो दिसतो. हे कुठं लिहिलंय?

दुसरं. कॅमेरा टाकीसमोर २ मीटरवर. टाकीच्या मध्यापासून कॅमेऱ्यापर्यंत २०० सेंटिमीटर, टोकापासून २०१. म्हणजे टोकाचा उजेड ३३ पिकोसेकंद जास्त उशिरा दिसायला हवा, तुमच्या तीन फ्रेम. व्हिडिओत तो उशीर नाही. गेला कुठं?

रेंडरवाला, धरमपेठ
वजा केला. कॅमेऱ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा मुद्दाम काढला, नाहीतर सरळ वेगाने जाणारा उजेड वेग बदलतोय असं वाटतं. एमआयटीत रमेश रास्कर आणि आंद्रेयास व्हेल्टन यांच्या गटानेही खऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांत ही दुरुस्ती केली होती.

महालचा
एमआयटीवाल्यांचा तो बाटलीतून उजेड जातानाचा व्हिडिओ तरी कुठं एका पल्सचा, म्हणजे लेझरच्या एका क्षणिक झोताचा, आहे! स्ट्रीक कॅमेरा एका वेळी एकच रेघ बघतो. आरसा जरासा फिरवायचा, परत पल्स सोडायची, परत रेघ, आणि शेवटी सगळं जोडायचं. लोकांना वाटते एक पल्स सोडली न् शूटिंग केलं. ही फसवणूकच आहे, भाऊ.

रेंडरवाला, धरमपेठ
त्या लोकांनी ते लपवलेलं नाही. प्रत्येक पल्स आधीच्या पल्ससारखीच जाते, म्हणून तर रेघा जोडता येतात.

एक आई, त्रिमूर्तीनगर
माझी पोरगी अकरावीत आहे. दिवसभर शिकवणी, कॉलेजात नाव फक्त हजेरीपुरतं. वर्षभरात लॅबचं दार बघितलं नाही, पण जर्नल पूर्ण! सगळी रीडिंगं उतरवलेली. प्रकाशाला पोचायला वेळ लागतो हे तिला या व्हिडिओनेच पटलं. कार्टून म्हणता जी, मग तुम्ही सरलोक लॅब उघडून राहिले का?

भौतिकवाले सर
मी उघडतो! किल्ली माझ्या खिशात असते. दरवर्षी कॉरिडॉरच्या टोकाला, १५ मीटरवर, आरसा लावतो आणि पल्स सोडणारा लेझर मारतो. जाऊन-येऊन ३० मीटर, ऑसिलोस्कोपवर (सिग्नल कधी आला ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) १०० नॅनोसेकंद. मागे एका मुलीला आरसा ३ मीटर जवळ आणायला सांगितला. पडद्यावरचा ठिपका २० नॅनोसेकंद डावीकडे सरकला तशी ती “सर, सरकला!” म्हणून इतकी ओरडली की ऑफिसातून शिपाई धावत आला. ती मुलगी प्रकाशाचा वेग जन्मात विसरणार नाही. सगळ्या मास्तरांना एका माळेत ओवू नका.

महालचा
नशीबवान आहेत तुमची पोरं. आमच्या कॉलेजात ऑसिलोस्कोपवर कापड होतं. तीन वर्षांत ते एकदा निघालं, तपासणीवाले आले त्या दिवशी. आम्हाला हात लावू दिला नाही.

एक आई, त्रिमूर्तीनगर
सर, राग आला असेल तर येऊ द्या. तुमचा एक कॉरिडॉर आहे. बाकीच्या पोरांनी काय बघायचं? रमण विज्ञान केंद्रात वर्षातून एकदा सहल जाते, तिथंही गर्दीत लोटालोटी. मोबाइलवरचं तिने तरी दहा वेळा थांबवून बघितलं.

महालचा
ताई, पण सहलीचं…

रेंडरवाला, धरमपेठ
सहल राहू द्या. सर, एक मान्य करावं लागतं. धूर-दुधाचं आणि वेळ टाकीतली की कॅमेऱ्यावरची, हे पडद्यावर लिहायला हवं होतं. माझी चूक. दोन्ही वेळांचे व्हिडिओ शेजारी-शेजारी टाकतो. पण ‘कार्टून’ मागे घ्या.

भौतिकवाले सर
इतक्यात नाही. तुमच्याच प्रोग्रामात माझा कॉरिडॉर मांडा. लेझर, आरसा, शेजारी डिटेक्टर. आकडा माझ्या ऑसिलोस्कोपशी जुळला तर इथंच सगळ्यांसमोर शब्द मागे घेतो.

रेंडरवाला, धरमपेठ
मांडतो. आरसा नेमका किती अंतरावर आहे ते टेपने मोजून कळवा, ‘१५ च्या आसपास’ चालणार नाही.

भौतिकवाले सर
उद्या सकाळी पहिल्या तासाआधी मोजतो. ताई, पोरीला पाठवा, टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागेलच.