एफ२ बंद करा म्हणे!

तिसरा_सेक्टर
एफ२, म्हणजे फॉर्म्युला वनच्या (एफ१) एक पायरी खालची ज्युनिअर रेसिंग सिरीज; एफ३ तिच्याही खालची. काल इथे एकाने पोस्ट टाकली: "अँटोनेली एफ३ न खेळता थेट एफ२मध्ये आला, सहावा आला, तरी मर्सिडीजच्या एफ१ टीमने घेतलाच. ज्युनिअर सिरीज म्हणजे पालकांना लुटायचं दुकान. सिम्युलेटर आणि जुन्या एफ१ गाडीत टेस्टिंग, एवढं पुरे." खाली +१ची रांग. म्हटलं, आता लिहितोच.

एफ२चा वीकेंड बघता, की नुसता निकाल? शुक्रवारी ४५ मिनिटं सराव, मग अर्ध्या तासाची क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कुणी कुठून सुटायचं ते ठरवणारी फेरी. बास. ब्रेक कुठे मारायचा, टायर कधी तापतो, गाडी मागून कुठे सुटते, सगळं त्या ४५ मिनिटांत शोधायचं. मऊ टायर तर बहुतेकदा थेट क्वालिफाइंगलाच पहिल्यांदा लागतो. ६२०च्या आसपास हॉर्सपॉवर आणि पॉवर स्टीअरिंग नाही. शनिवारी क्वालिफाइंगच्या पहिल्या दहांची उलटी ग्रिड, म्हणजे दहावा सगळ्यांत पुढे; रविवारी सक्तीच्या पिटस्टॉपची फीचर रेस. रिकाम्या ट्रॅकवर एकट्याने कितीही लॅप मारा, पहिल्या वळणात आतून कुणी नाक घुसवलं तर काय करायचं ते तिथे कळत नाही.

एफ२च्या बेअरमनला २०२४मध्ये जेद्दाला साइन्झच्या अपेंडिक्समुळे ऐनवेळी त्याच्या जागी फेरारीच्या एफ१ गाडीत बसवलं. एफ२ची पोल (रेसला पहिल्या जागेवरून सुटायचा मान) सोडून आला आणि सातवा आला. २०२५चे अँटोनेली, हाजर, बोर्तोलेटो, डूहान, सगळे एफ२मधलेच.

उलटी_ग्रिड
तीव्र असहमत. सगळे एफ२मधून येतात कारण दुसरं दार जवळजवळ बंदच केलंय. सुपर लायसन्सला, म्हणजे एफ१ खेळायच्या परवान्याला, ३ वर्षांत ४० गुण लागतात. एफ२च्या पहिल्या तिघांना थेट ४०, अमेरिकेच्या इंडीकार सिरीजमध्ये ४० फक्त विजेत्याला. इंडीकारच्या रेसेस जिंकलेल्या हर्टावर गुणांसाठी एफ२मध्ये यायची वेळ आली. तो तिथे काय शिकणार, सांगा ना. व्हर्स्टापनने युरोपियन एफ३चा एकच सीझन केला आणि १७व्या वर्षी एफ१मध्ये. रायकोनेन २००१ला आला तेव्हा गाडीतल्या रेसेस जेमतेम २३.

तिसरा_सेक्टर
आला व्हर्स्टापन! त्याच्याशिवाय हा विषय संपतच नाही. त्याची निवड झाल्यानंतरच एफआयएने (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) १८ वर्षांची अट घातली. असे दहा वर्षांत किती निघाले?

क्लच_किंग
तयारी म्हणताय? अबुधाबी २०२४, एफ२ची शेवटची रेस. हाजरच्या विजेतेपदाचा फैसला, दिवे विझले आणि गाडी जागच्या जागी बंद. अख्खा सीझन एका क्लचने गिळला. मी हे किती वर्षं ओरडतोय.

पिटलेनमधला_बाप
तुम्ही एफ२वर भांडत बसा. चाळण त्याच्या कितीतरी आधी लागते, कार्टिंगमध्ये, म्हणजे पोरांच्या छोट्या उघड्या गाड्यांच्या रेसिंगमध्ये. मुलाने काही वर्षं केलं म्हणून सांगतो. इंजिनं सील केलेली, कागदावर सगळी सारखी. पण इंजिनं तयार करून देणाऱ्या ट्यूनरकडे बरी इंजिनं कुणासाठी बाजूला ठेवलेली असतात हे पॅडॉकमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आमचा सरळपट्टीवर मागे पडायचा आणि वळणांत भरून काढायचा. आत प्रोटेक्टर असूनही बरगड्या काळ्यानिळ्या. वर टीमवाला डेटा दाखवून म्हणायचा, "हा थ्रॉटल उशिरा देतो."

एकदा सरावात मेकॅनिकने दुसऱ्या मुलाचं इंजिन चुकून आमच्या कार्टला चढवलं. पोरगं पहिल्याच आउटिंगला सगळ्यांत वर. परत आलं तर हेल्मेटही न काढता विचारतंय, "बाबा, काय बदललं?" पुढच्या सेशनच्या आत इंजिन काढून नेलं होतं.

उलटी_ग्रिड
हेच तर! आणि वर म्हणायचं, गुणवत्ता पुढे येते.

तिसरा_सेक्टर
वाईट वाटलं. पण धागा एफ२चा आहे. आणि राग मानू नका, मागे राहिलेल्या प्रत्येक कार्टवाल्याच्या बापाकडे इंजिनाची एक गोष्ट असतेच.

पिटलेनमधला_बाप
असते, कारण इंजिन तसं असतं. तुम्ही कधी कार्टची चेन चढवली आहे का हो? सोफ्यावरून अक्कल शिकवू नका. एफ१वाल्या ओकॉनच्या घरच्यांनी घर विकून कॅरॅव्हॅनमध्ये दिवस काढले, हे सगळ्यांना तोंडपाठ. एवढं करूनही ज्यांचं पोरगं घरी बसलं, त्यांचं कोण लिहितो?

सेफ्टीकार_भक्त
हॅमिल्टनला मॅक्लारेनने १३व्या वर्षी उचलला. एफ१ टीम्सच्या अकॅडम्या त्यासाठीच असतात.

पिटलेनमधला_बाप
एकाला उचलला. बाकीची ग्रिड कुठे गेली?

क्लच_किंग
बरं, एफ२ जिंकणाऱ्यांचं बोलू. ड्रुगोविच २०२२, पुर्शेअर २०२३. एफ१ची एक रेस नाही. वर विजेत्याला परत एफ२ खेळायला बंदी. पियास्त्रीसुद्धा २०२१ जिंकून पुढचं वर्षभर नुसता रिझर्व्ह, म्हणजे राखीव ड्रायव्हर.

तिसरा_सेक्टर
सीट मिळणं वेगळं, तयार होणं वेगळं. ड्रुगोविच तिसऱ्या सीझनला जिंकला, टीम्स ते बघतात. लेक्लेर्क, रसेल, पियास्त्री, बोर्तोलेटो पहिल्याच वर्षी जिंकले आणि सगळे एफ१मध्ये आहेत.

उलटी_ग्रिड
आलं की नाही तुमच्याच तोंडून! पहिल्या फटक्यात जिंकला तर हिरा, तिसऱ्या वर्षी शिकून जिंकला तर चालत नाही. मग ही निवड झाली, शिक्षण कसलं?

तिसरा_सेक्टर
टायर सांभाळायला शिकवतं. बोर्तोलेटो मोन्झाला २०२४मध्ये शेवटून निघून फीचर जिंकला.

क्लच_किंग
सेफ्टी कारची (अपघात झाला की सगळ्यांना हळू चालवायला येणारी गाडी) कृपा.

सेफ्टीकार_भक्त
माझं नाव काढलंत म्हणून आलो. कृपा सगळ्यांवर सारखीच होती, जिंकला तोच.

उलटी_ग्रिड
ठीक आहे, ४५ मिनिटांचं मान्य. एफ१वाल्यांना साध्या वीकेंडला तीन तास सराव मिळतो, त्यापुढे हे खरंच अवघड आहे. फ्रेम करून लावा, पुन्हा म्हणणार नाही. पण मर्सिडीजने अँटोनेलीचा सहावा नंबर बघून त्याला घेतला नाही. आपल्या जुन्या गाड्यांत त्याला पळवून बघितला आणि घेतला. २०२५ला मायामीत त्याने स्प्रिंटची (छोट्या रेसची) पोल मारली, तिथे तोवर एफ२ गेलीसुद्धा नव्हती.

तिसरा_सेक्टर
आणि त्यानंतर इमोला, मोनॅको, बार्सिलोना? दोनदा गाडी बंद आणि मोनॅकोला अठरावा. सोयीचं तेवढंच आठवतं तुम्हाला.

उलटी_ग्रिड
गाडी बंद पडली ते पोराचं अपयश? आणि त्या तिन्ही ट्रॅकवर तो आधी एफ२ खेळला होता. मग तुमचं शिक्षण कुठे गेलं?

पिटलेनमधला_बाप
माझ्या मुद्द्यावर कुणीच आलं नाही. रोटॅक्स या कार्ट-इंजिनवाल्या कंपनीच्या ग्रँड फायनल्सला आयोजक इंजिनं देतात, तीही सोडत काढून. तिथे जमतं, तर खालच्या सगळ्या स्पर्धांना का जमत नाही?

क्लच_किंग
सोडतीच्या इंजिनाला क्लच कसला असतो?

पिटलेनमधला_बाप
सेंट्रिफ्यूगल. आपोआप लागतो. तुमच्या हाजरला द्यायला हवा होता.