सिकलसेल: जनुकाची दुरुस्ती आत्ताच मागायची, की आधी गोळ्या आणि तपासण्या?

इंदोऱ्याचा मामा
माझा भाचा एसएस आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेला. यात लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. जन्मला तेव्हा गुटगुटीत होता. सातव्या महिन्यात हातापायाचे पंजे टम्म सुजले, रात्र रात्र रडायचा. घरचे म्हणत, नजर लागली.

खरं कारण त्याच्या हाडातल्या मगजात होतं. पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, सिकलचा दोष त्यात नसतो. जन्मानंतर बीसीएल-११ए नावाचं प्रथिन त्याचं जनुक दाबून टाकतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन ती जागा घेतं. आमच्या पोराचं नेमकं तेच बिघडलेलं, बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन. म्हणून सहा महिने सुखाचे गेले.

या प्रथिनाचं काम २००८ साली कळलं. २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने त्यावरच्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी काढायच्या, क्रिस्पर नावाच्या जनुक कापायच्या कात्रीने तो दाब उठवायचा, पेशी परत द्यायच्या. किंमत २२ लाख डॉलर! हा आजार विदर्भाच्या घराघरात आहे, मग हा उपचार नागपुरात सरकारी खर्चाने का नको? मागितल्याशिवाय कोणी देणार नाही.

सिस्टर, गडचिरोली
दादा, तुमचं दुःख रोज पाहते, तरी विरोध करते. एका पोराचे १८ कोटी. तेवढ्यात किती गावांना हायड्रॉक्सियुरियाची गोळी वर्षानुवर्षं पुरेल, हिशोब करा. ही गोळीसुद्धा तेच गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते. लांबच्या गावात गोळी संपली की माणूस मजुरी बुडवून दिवसभर एसटीने येतो, नाहीतर खाडा करतो आणि पंधरा दिवसांनी क्रायसिस, म्हणजे सिकलचं एकदम उठलेलं जबर दुखणं घेऊन भरती होतो.

दुसरं कोणी सांगत नाही ते सांगते. सुधारलेल्या पेशी परत देण्याआधी जुना मगज जबर केमोने रिकामा करावा लागतो. आठवडे दवाखान्यात, पुढे मूल न होण्याचाही धोका. आणि ती मान्यता १२ वर्षांपुढच्यांना होती. भाचा केवढा आहे?

इंदोऱ्याचा मामा
नऊ वर्षांचा.

धरमपेठ_बायोटेक
मामांची माहिती बरोबर आहे, पण बीसीएल-११एचं जनुक सरसकट बंद करायचं असं कोणी समजू नये. बीसीएल-११ए रक्तातल्या बी पेशींनाही लागतं. ते मोडलं तर प्रतिकारशक्तीचं नुकसान. म्हणून कात्री जनुकावर चालवत नाहीत. लाल पेशी घडताना जो डीएनएचा तुकडा त्या जनुकाला जोर देतो, तेवढाच कापतात. बाकी पेशींत जनुक आपलं काम करत राहतं.

हे शक्य झालं ते पेशीचं नशीब कसं ठरतं हे कळल्यामुळे. मगजातल्या स्टेम सेलमध्ये आणि तिच्यापासून घडत असलेल्या लाल किंवा पांढऱ्या पेशीमध्ये मूळ सूचना जवळपास सारख्याच असतात. गाटा-१ नावाचं प्रथिन वरचढ झालं की पेशी लाल होण्याकडे झुकते, पीयू-१ वरचढ झालं की पांढऱ्यांकडे, आणि दोघं एकमेकांना दाबतात. जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशीत चार जनुकं घालून तिला स्टेम सेलसारखं केलं, २०१२ला नोबेल मिळालं. त्या चारातलं एक, सी-मिक, कॅन्सरशी जोडलेलं आहे. सिकलच्या या उपचारात ती चार जनुकं वापरत नाहीत, पण पेशीत ढवळाढवळ करताना जपावं लागतं हे त्यातून दिसतं. म्हणून माझं मत सिस्टरकडे झुकतं. घाई नको.

पाचपावलीची आई
घाई नको म्हणणाऱ्यांच्या घरी एसएस लेकरू आहे का जी? आम्ही दोघंही एएस, म्हणजे सिकलचं एकेक जनुक बाळगणारे. लग्नाआधी कोणी तपासलं नाही. प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस होण्याचा चारात एक धोका, हे मोठी आजारी पडल्यावर कळलं. ‘एएस-एएस लग्न करू नका’ हे पोस्टर आता मी काय करू? १ जुलै २०२३ला देशाचं सिकलसेल मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७चं लक्ष्य. चांगलं आहे. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. माझी लेक २०४७पर्यंत थांबेल काय? दुखणं उठलं की पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करते, माझ्याशीही बोलत नाही.

सिस्टर, गडचिरोली
ताई, तुमच्यापुढे मी गप्प. तपासणी म्हणजे उपचार नव्हे, हे मान्य. पण गोळी आज मिळते. लेकीची गोळी सुरू आहे का? एचबी-एफ, म्हणजे तेच गर्भातलं हिमोग्लोबिन, किती टक्के ते रिपोर्टात असतं, बघा. आपल्या भागात ते बऱ्याच जणांचं मुळातच जास्त असतं. म्हणून ‘आपल्याकडचा सिकल सौम्य’ असं म्हणतात, पण वॉर्डात मला सौम्य दिसत नाही.

पाचपावलीची आई
गोळी कोणी सांगितलीच नाही. रक्त चढवतात, तेवढंच.

सिस्टर, गडचिरोली
मग उद्याच ओपीडीत जा. आधी रक्त तपासतील, मग डोस ठरवतील, आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावं लागेल. पेशी फार कमी झाल्या तर थांबवतात. मनाने सुरू करू नका.

इंदोऱ्याचा मामा
सिस्टर, भाच्याची फाईल काढली. एचबी-एफ १४ लिहिलंय, आजवर त्या ओळीकडे कोणी पाहिलं नव्हतं. सोमवारी नेतो. मागणीचं पत्र मात्र लिहिणारच. दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संशोधन संस्था सिकलसाठी देशी जनुकसंपादनावर काम करते. ते स्वस्तात तयार होईल तेव्हा पहिलं केंद्र नागपुरात हवं, आणि सोबत गावोगावी गोळीचा साठा हवा. दोन्ही मागण्या एकाच कागदावर. सही कोण करतं?

पाचपावलीची आई
मी करते. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांच्याही आणते.