सॅनेटोरियममधलं चॅपेल: उपचाराचा इतिहास की धर्मप्रसाराचा?

साचेखातं: आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये होते. १९३८ साली क्षय निघाला. कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शी लाइट रेल्वेनं मिरज, तिथून वॉनलेसवाडीचं ख्रिस्ती मिशनचं सॅनेटोरियम, म्हणजे क्षयाचं रुग्णालय. दीड वर्ष राहिले. औषधाबद्दल कधी बोलले नाहीत, कारण औषध नव्हतंच. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. मोकळी हवा, दूध-अंडी आणि पडून राहणं. सांगायचे ते तिथल्या चॅपेलमधल्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरातल्या, रविवारच्या प्रार्थनेचं. झाकणाची थुंकीदाणी मांडीवर धरून सगळे बसायचे, उबळ आली की उठून दाराशी जायचे. मागच्या रविवारी शेजारी असलेला माणूस आज नाही, हेही तिथंच कळायचं. क्षयाचा इतिहास लिहिताना चॅपेल वगळू नये, असं माझं ठाम मत आहे.

पाच्छा पेठ: आजोबांबद्दल आदर आहे, पण पटलं नाही. घरानं ताटवाटी वेगळी केलेला, खाटेला खिळलेला माणूस. जो खाऊ घालतो त्याच्या प्रार्थनेला तो नाही म्हणू शकतो का? आणि १९५९ च्या मद्रासच्या अभ्यासात घरी गोळ्या घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे झाले. गरज गोळ्यांची होती, चॅपेलची नव्हे.

वास्तुवेडी: चॅपेल म्हणजे फक्त धर्म, असंही नाही हो. व्हिएन्नात वास्तुविशारद ओटो वाग्नरनं १९०७ मध्ये मनोरुग्णालयासाठी चर्च पुरं केलं. तीर्थाच्या पाण्यात सगळ्यांनी हात बुडवू नयेत म्हणून तिथं पाणी थेंबाथेंबानं पडतं. कुणाला लागू नये म्हणून बाकांचे कोपरे गोल, आत डॉक्टरांची खोली. त्याच आवारात पुढे क्षयरोगीही ठेवले. हा आरोग्याचाच इतिहास आहे.

साचेखातं: @पाच्छा पेठ, ताटवाटीचं खरं आहे. आमच्याकडेही केली होती, आजीनं ती शेवटपर्यंत माळ्यावर ठेवली. पण गोळ्या नंतर आल्या. १९३८ साली आजोबांनी काय धरून राहायचं? ते वारकरी. तुळशीची माळ गळ्यात घालूनच प्रार्थनेला बसायचे, काढ असं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांचा अनुभव असाच असेल, असा माझा दावा नाही.

पाच्छा पेठ: माळेचं ऐकून बरं वाटलं. दबावाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. लिहा चॅपेलबद्दल, पण सुरुवात त्या माळ्यावरच्या ताटापासून करा.