मदत हवी आहे: 'लादिनो' ही भाषा, जमात की शिवी?

पानगळ
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी सेफार्दी ज्यूंच्या भाषेवर लेख लिहिते आहे. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू ऑटोमन साम्राज्यात गेले. सालोनिका, इस्तंबूल, इझमिर, सारायेवो अशा शहरांत त्यांनी आपली जुनी स्पॅनिश पिढ्यानपिढ्या घरात जपली. तिला 'लादिनो' म्हणतात, एवढं धरून मी चालले होते. संपादकांनी मसुदा परत पाठवला आणि समासात विचारलं, "लादिनो म्हणजे ग्वाटेमालातले लोक ना?"

शोधलं तर त्यांचंही खरं. तिथल्या जनगणनेत 'लादिनो' असा वेगळा गट आहे. स्पॅनिश कोश म्हणतो: धूर्त, चलाख. आणि उत्तर इटलीत डोलोमाइट डोंगरांमध्ये आणखी एक 'लादिनो' भाषा निघाली! दोन दिवस यातच गेले.

हा सगळीकडे एकच शब्द आहे का? असेल तर एवढे फाटे कसे फुटले? आणि मराठीत लादिनो लिहू की लाडिनो? शनिवारी मजकूर द्यायचा आहे.

मोडीवाचक
एकच शब्द आहे. मूळ लॅटिन 'लातिनुस'. दोन स्वरांमधला 'त' मऊ होऊन 'द' झाला. आपल्या प्राकृतांतही हे घडलंय: संस्कृत 'गच्छति'चं शौरसेनीत 'गच्छदि' झालं, महाराष्ट्रीत तर तो वर्ण गळूनच 'गच्छइ' राहिलं. त्यामुळे 'द' लिहा. 'लाडिनो' इंग्रजीवरून आलंय.

आता अर्थ. मध्ययुगीन स्पेनमध्ये अरबी आणि हिब्रूच्या शेजारी लॅटिनमधून उतरलेली जी बोली होती, ती लादिनो. मग ती बोली सफाईने बोलणारा अरबीभाषक मूर, म्हणजे तिथला मुसलमान, तो 'मोरो लादिनो'. दुसऱ्यांची भाषा इतकी चांगली येणारा माणूस हुशार असणार, आणि हुशार माणसापासून जपून राहायला हवं. धूर्त हा अर्थ इथून आला. आपला 'नागर' आठवा. नगरात राहणारा, म्हणून सुसंस्कृत, म्हणून चतुर. संस्कृत कोशात पुढे धूर्तही सापडतो. आणि त्याच शब्दावरून आपली लिपी नागरी.

हाच शब्द जहाजांतून अमेरिकेत गेला. स्पॅनिश येणारा आणि ख्रिस्ती झालेला आफ्रिकी गुलाम 'लादिनो', आफ्रिकेतून थेट आणलेला 'बोसाल'. १५०३ मध्ये हिस्पानिओला बेटाचा गव्हर्नर ओवांदो याने स्पेनच्या दरबाराला आफ्रिकी गुलाम पाठवणं थांबवायची विनंती केली, कारण ते पळून स्थानिकांना सामील होत. तेव्हा येणारे हे गुलाम लादिनोच होते. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला मालकाची भाषा कळते, त्याला मालकही कळतो.

ग्वाटेमालात आधी स्पॅनिश येणारा मूलनिवासी म्हणजे 'इंदियो लादिनो'. हळूहळू 'इंदियो' गळलं आणि शब्द पार उलटला. आज लादिनो म्हणजे मूलनिवासी नसलेला. डोलोमाइटची भाषा मात्र वेगळीच, स्वित्झर्लंडमधल्या रोमान्श भाषेची बहीण. बोलणारे साधारण तीस हजार, आणि ते स्वतः तिला 'लादिन' म्हणतात. लेखात एका वाक्यात उल्लेख करून सोडून द्या.

अश्दोदकर
पानगळताई, मी बेने इस्रायल, आईवडील पेणहून इथे इस्रायलला आले. ज्यू संदर्भातही एक गाठ आहे, ती लेखात सोडवाच. हाइम विदाल सेफिहा या अभ्यासकाचा आग्रह असा की लादिनो ही बोलायची भाषा नव्हेच. हिब्रू धर्मग्रंथ शब्दाला शब्द ठेवून स्पॅनिशमध्ये उतरवायचे, त्या भाषांतराची ती भाषा. पेसाह सणाच्या रात्री हग्गादा, म्हणजे त्या रात्रीची पोथी, वाचताना 'ही रात्र' या अर्थी 'ला नोचे ला एस्ता' म्हणतात. बाजारात असं कोणी बोलत नाही. हिब्रूत 'ती रात्र ती ही' अशी रचना आहे, म्हणून तशीच ठेवली. बोलीला ते 'जुदेझमो' म्हणतात, मोरोक्कोकडच्या बोलीला 'हाकेतिया'.

हे वाचलं की मला आमची मराठी हग्गादा आठवते. १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाली होती, हिब्रू आणि मराठी दोन्ही. आजोबांकडे पुण्याची १८७४ची होती.

आणि बोलीतले दोन शब्द घ्याच. स्पॅनिशमध्ये देव 'दिओस', हे लोक 'एल दिओ' म्हणतात. शेवटचा 'स' अनेकवचनासारखा वाटतो आणि देव तर एकच, असं कारण सांगतात. रविवारला 'दोमिंगो' नाही, कारण तो ख्रिस्ती 'प्रभूचा वार'. त्याऐवजी अरबीतला 'अल्हाद', पहिला दिवस.

पानगळ
तुम्हा दोघांचे मनापासून आभार. आता 'लादिनो'च लिहिते, सुरुवातीला मोडीवाचकांनी दिलेली व्युत्पत्ती येईल आणि 'ला नोचे ला एस्ता' पहिल्याच पानावर. अश्दोदकर, तुमच्या ओळखीत ही भाषा घरात बोललेलं कोणी आहे का? लहानपणी ते तिला काय म्हणत, एवढंच विचाराल?

अश्दोदकर
खालच्या मजल्यावरच्या आजी इझमिरच्या आहेत, वय ८८. आत्ताच विचारून आलो. म्हणाल्या, "आम्ही एस्पान्योल म्हणायचो. लादिनो हा शब्द मी इथे आल्यावर रेडिओवर ऐकला." मग आईचं नाव घेऊन बराच वेळ त्याच भाषेत बोलत राहिल्या. मला निम्मंच कळलं, पण मी बसून होतो.